जुन्या प्लेअर पियानोची मोटर दमतेय? आधी पट्टा काढा

१९२० च्या दशकातला अँपिको किंवा डुओ-आर्टसारखा आपोआप वाजणारा अमेरिकन पियानो असेल आणि मोटर कण्हत फिरत असेल तर लगेच रिवाइंडिंगला देऊ नका, प्लीज. प्लग काढा. वायरचं कापडी आवरण कुरकुरीत झालं असेल तर ती वायर आधी बदला, बाकी सगळं नंतर. मग हवा ओढून पियानो वाजवणाऱ्या पंपाचा पट्टा उतरवून पुली हाताने फिरवा, जड लागली तर बेअरिंगमधलं जुनं तेल गोंदासारखं झालंय, साफ करून मोटरचं हलकं तेल थेंब थेंब सोडा, गाडीचं इंजिन ऑइल नको. मोकळी फिरते? मग पट्ट्याशिवाय क्षणभरच चालू करा, मस्त पळाली तर दोष बहुतेक मोटरचा नाहीच, पंप जड झालाय किंवा पट्टा घसरतोय किंवा शंभर वर्षांत रबरी कापड आणि नळ्या कडक होऊन हवा गळतेय, सक्शन कमी पडतं आणि आपल्याला वाटतं मोटर गेली. तरीही मंदच असेल तर ब्रशवाल्या मोटरमध्ये ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत का, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा पडलाय का बघा. आणि नेमप्लेट नक्की वाचा, काही मोटर डीसीच्या असायच्या, म्हणजे घरातल्या एसी विजेसाठी नसलेल्या.