महारेराचा एजंट नंबर काढायचाय? क्रम नीट समजून घ्या

सगळ्यात आधी ठरवा, काम कुठलं करायचंय. फक्त लिव्ह अँड लायसन्स किंवा जुन्या सोसायट्यांमधली रीसेल करणार असाल तर रेरा कायदा, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीवर नियमन ठेवणारा कायदा, तुमच्याकडे नोंदणी मागत नाही. पण बिल्डरच्या नोंदणीकृत प्रोजेक्टमधला एक जरी फ्लॅट विकून द्यायचा असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नंबर हवाच. विनानंबर काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो चढत चढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मी पनवेल-उलवे पट्ट्यात ब्रोकरेज करते. इथे नव्या इमारतींचंच काम जास्त, म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी नंबर काढायला लावते.

महाराष्ट्रात क्रम असा: प्रशिक्षण, परीक्षा, मग नोंदणी. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, मान्यता दिलेल्या संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, ते ऑनलाइनही होतं. परीक्षा आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था, घेते. पास झाल्याचं प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जुन्यांनाही सूट नाही. प्रमाणपत्र न दिलेल्या हजारो एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली.

अर्ज महारेराच्या पोर्टलवर भरायचा. स्वतःच्या नावावर काढलात तर फी १०,००० रुपये, फर्म किंवा कंपनीच्या नावावर १ लाख. सुरुवातीला स्वतःच्याच नावावर काढा, भागीदारीचं पुढे बघता येईल. पॅन, आधार, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा आधीच स्कॅन करून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे अक्षर अक्षर जुळवून बघा. मिळणारा नंबर ‘ए’ने सुरू होतो आणि पाच वर्षं चालतो. तो पाटीवर, लेटरहेडवर, व्हॉट्सॲपवर फिरवायच्या जाहिरातीवरही टाका.

खरं शिकायचं आहे ते कलम १०. त्यात एजंटची कर्तव्यं आहेत: नोंदणी नसलेला प्रोजेक्ट विकायचा नाही, नसलेली सोय सांगायची नाही, ग्राहकाला हक्काची माहिती आणि कागद मिळवून द्यायचे, हिशोबाच्या वह्या ठेवायच्या. हे पाळायचं तर साइटवर जाण्याआधी प्रोजेक्टचा ‘पी’ने सुरू होणारा नंबर टाकून महारेराचं पान उघडायची सवय लावा. पूर्ण व्हायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय? जमिनीवर बोजा आहे का? कोर्टकज्जा? आणि मुख्य म्हणजे सीसी (कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाची परवानगी) कितव्या मजल्यापर्यंतची आहे? ब्रोशरमध्ये २२ मजले आणि सीसी १४ मजल्यांचीच, तर अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवताना हे आपणहून सांगायचं. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट बुकिंगनंतर कळता कामा नये.

“प्रोजेक्टचा नंबर येतोच आहे, तोवर ईओआयचे (घर घेण्यात रस असल्याचे आगाऊ) चेक गोळा करा,” असं बिल्डरच्या सेल्स टीमकडून ऐकू येईल. स्पष्ट नाही म्हणा. तसंच किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत ॲग्रीमेंटआधी घेता येत नाही, हेही ग्राहकाला टोकन देण्यापूर्वीच सांगा.

पैशाचं थोडक्यात. ब्रोकरेज किती टक्के आणि कुठल्या टप्प्यावर मिळणार, हे बिल्डरच्या लेटरहेडवर लिहून घेतल्याशिवाय पहिली साइट व्हिजिटसुद्धा करू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि ब्रोकरेजवर १८ टक्के लागतो; दर ठरवतानाच तो वेगळा की धरून, हे बोलून घ्या. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये मुदत संपायच्या चार महिने आधीची लावा, म्हणजे चालू बुकिंगच्या मध्येच नंबर बंद पडणार नाही.