घरगुती धंद्याची छोटी कामं ऑनलाइन फ्रीलान्सरकडून कशी करून घ्यायची

आमचा कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाणा चटणी आणि लोणच्यांचा छोटा धंदा आहे. लेबल, प्रॉडक्टचे फोटो, वेबसाइटवरचे बारीकसारीक बदल, खर्चाचं एक्सेल अशी कामं मी बाहेरच्या लोकांना, म्हणजे पगारावर न राहता सुटी कामं घेणाऱ्या फ्रीलान्सरना, ऑनलाइन देते आणि ओळखीतल्या बायका सारख्या विचारतात की माणूस कुठे शोधायचा, पैसे कधी द्यायचे, फसवणार तर नाही ना. माणूस शोधणं खरं तर यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड गोष्टी दोनच, काम आधी नीट लिहून काढणं आणि आपल्या वस्तूची मालकी आपल्याच हातात ठेवणं, आणि नेमकी याच दोन ठिकाणी लोक घाई करतात.

बाहेर काय द्यायचं ते पहिलं ठरवा. जे काम पूर्ण झालं की नाही हे बघून लगेच सांगता येतं ते द्यायचं. चाळीस फोटोंचं बॅकग्राउंड पांढरं करणं, बिलांवरून खर्चाचं एक्सेल भरणं, तीस सेकंदांची रील एडिट करणं, नवीन पाऊचचं लेबल. "आमचं सोशल मीडिया जरा बघा" हे असं काम होत नाही, त्याला शेवटच नाही, मग महिनाअखेरीला दोघंही नाराज. आणि गिऱ्हाईकाची तक्रार ऐकणं, बँकेचे व्यवहार, मसाल्याचं प्रमाण हे घरातच राहू दे, कितीही दमलात तरी.

माणूस मिळतो कुठे, तर फाईव्हर आणि अपवर्क या दोन वेबसाइटची नावं सगळ्यांनी ऐकलेली आहेत. दोन्हीची पद्धत वेगळी आहे. फाईव्हरवर फ्रीलान्सरने आपलं काम आणि किंमत आधीच मांडून ठेवलेली असते, आपण निवडून ऑर्डर द्यायची. अपवर्कवर आपण काम लिहून टाकायचं, लोक प्रपोजल पाठवतात, त्यातून आपण निवडायचं. ठरावीक रकमेचं काम असेल तर पैसे दोन्हीकडे आधी प्लॅटफॉर्मकडे, म्हणजे त्या वेबसाइटकडे, जमा होतात, काम मान्य झालं की फ्रीलान्सरला जातात. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, फाईव्हरवर डिलिव्हरी आल्यावर तुम्ही ३ दिवस काहीच बोलला नाहीत तर ऑर्डर आपोआप पूर्ण झाली असं धरतात, आणि अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामाला ही मुदत १४ दिवसांची आहे. सणाच्या गडबडीत मेसेज बघायचा राहिला की पैसे गेलेले असतात आणि लेबल चुकलेलं असतं. तासावर काम दिलंत तर अपवर्कचं ट्रॅकर साधारण दर १० मिनिटांनी फ्रीलान्सरच्या स्क्रीनचा फोटो घेतं, ते बघता येतं, पण छोट्या कामाला मी तरी तासाचा हिशोब करत नाही, कामाचे मिळून पैसे ठरवते. आणि कार्डाचं बघून ठेवा, आपल्याकडची डेबिट-क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारासाठी बहुतेक वेळा बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावं लागतं, शिवाय डॉलरमध्ये पैसे गेले की बँक वर आपला चार्ज लावते तो वेगळा.

फ्रीलान्सर कधीकधी म्हणतो की प्लॅटफॉर्म सोडून थेट यूपीआय करा, स्वस्तात देतो. त्याचंही कारण कळतं, फाईव्हर त्याच्या कमाईतले २० टक्के कापून घेतं. पण त्या वेबसाइटवर ओळख झाली असेल तर बाहेर पैसे देणं नियमाविरुद्ध आहे आणि वाद झाला तर तुमचं ऐकून घ्यायला कोणी नसतं. थेटच काम द्यायचं असेल तर मग माणूसही थेटच शोधा ना. आपल्याकडे पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला, संभाजीनगरला अप्लाइड आर्ट शिकणारी मुलंमुली आहेत, नोकरी सोडून घरून काम करणाऱ्या डिझायनर बायका आहेत, आणि मराठी लेबलसाठी माझं तर स्पष्ट मत आहे की मराठी वाचणाराच माणूस घ्या, मग तो कुठल्याही गावचा असो.

का ते सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मराठी न वाचता येणारा डिझायनर तुम्ही पाठवलेला मजकूर चित्रासारखा बघतो. अडोबीच्या प्रोग्राममध्ये भारतीय लिपीचा पर्याय चालू केलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते आणि त्याला त्यात काही चुकलंय हे दिसतच नाही. "कैऱ्यांचं लोणचं" मधला ऱ्या हमखास "कैर्यांचं" होऊन येतो. लसूणचा ल आणि शेंगदाण्याचा श हिंदी वळणाचा येतो, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये तेच वळण असतं, गिऱ्हाईकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण पाकीट आपल्याकडचं वाटत नाही. म्हणून कामाच्या मजकुरातच लिहा की ल आणि श मराठी वळणाचे हवेत, आणि फॉन्ट कुठला वापरणार ते आधी विचारा. मुक्ता, बलू हे एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्यासाठी वापरायलाही चालतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करून दिलं तर छापायला अडचण नाही, पण तोच मजकूर उद्या वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकायला गेलात की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो तसा, टाइप करून वेगळ्या फाइलमध्ये तुम्हीच द्या, स्वतः तपासून, आणि सांगा की कॉपी-पेस्टच करायचं, परत टाइप करायचं नाही. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवू नका.

आता काम लिहून कसं काढायचं. मी एका पानावर लिहिते, फोनवर कितीही बोलणं झालेलं असलं तरी लिहितेच. नमुना देते, तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या:

"कांदा-लसूण मसाला, २०० ग्रॅम, स्टँडी पाऊच, पुढचं आणि मागचं लेबल. पाऊचचं माप सोबत आहे. मजकूर सोबतच्या फाइलमध्ये, एकही शब्द बदलायचा नाही. पुढे नाव, वजन आणि शाकाहारी चिन्ह. मागे घटक, पोषणमूल्यं, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) लोगो आणि १४ आकडी नंबर, सगळ्या करांसह एमआरपी, बॅच आणि तारखांसाठी मोकळी जागा, पत्ता आणि कस्टमर केअरचा फोन. बारकोडची जागा सोडायची. आम्हाला आवडलेली तीन पाकिटं आणि न आवडलेलं एक, फोटो सोबत. फोटो आणि चित्रं पिंटरेस्टवरून किंवा गूगलवरून उचललेली नकोत. पहिला कच्चा नमुना मंगळवारपर्यंत, त्यानंतर दोन वेळा बदल. शेवटी छपाईची पीडीएफ आणि एडिट करता येईल अशी मूळ फाइल, दोन्ही हवं."

न आवडलेलं पाकीट दाखवायचं मुद्दाम लिहिलंय, कारण आवडतं ते सगळेच दाखवतात पण "असलं नको" हे कळलं की निम्मे बदल वाचतात. बदलांची संख्या आधी ठरली की तुम्हीही सगळं एकदम बघून सांगता, नाहीतर रोज एक मेसेज जातो की जरा लाल जास्त करा, जरा कमी करा, आणि समोरच्याचा जीव जातो. बदल सांगताना "मजा येत नाहीये" असं नका लिहू, नमुन्यावर आकडे घाला आणि एकेक सांगा, १ नाव लहान दिसतंय, २ मिरचीचा फोटो पुसट आहे, असं.

लालवरून आठवलं, मसाल्याचा लाल रंग मोबाइलवर झगझगीत दिसतो आणि छापून आला की मातकट होतो. छपाईसाठी फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) हवी, फोटो ३०० डीपीआयचे, म्हणजे छापल्यावर न फाटणारे, हवेत आणि कडेला कटिंगसाठी जास्तीची जागा किती ठेवायची हे प्रिंटरलाच विचारून डिझायनरला सांगा, शक्य असेल तर दोघांना एकाच ग्रुपमध्ये घ्या. मंजुरी देण्याआधी लेबल खऱ्या मापात प्रिंट करून, कापून, भरलेल्या पाऊचवर चिकटवून बघा आणि घरातल्या वयस्कर माणसाला चष्म्यासकट वाचायला द्या. फक्त मोबाइलवर बघून ओके लिहायचं नाही. नंबर, वजन, एमआरपी तुम्ही स्वतः आकडा आकडा वाचा, ही जबाबदारी डिझायनरची नाही.

माणूस नवीन असेल तर आधी छोटं काम द्या, पैसे देऊन. एक फोटो, एक पोस्ट, एवढंच. फुकट नमुना मागू नका, हे मी अगदी मनापासून सांगते, आपल्याकडे कोणी पावशेर मसाला चव बघायला म्हणून फुकट मागितला की आपल्याला कसं वाटतं. दोघा-तिघांना तेच छोटं काम द्या, मग बघा कोण वेळेत देतं, कोण प्रश्न विचारतं. प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. पोर्टफोलिओ सगळ्यांचाच सुंदर असतो, त्यात स्वतःचं किती ते यातूनच कळतं.

मालकीचं आता. आपण पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं असं सगळ्यांना वाटतं, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं, फ्रीलान्सरचं साधारणपणे तसं नसतं, हक्क लेखी आपल्याकडे घ्यावे लागतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोसारख्या काही गोष्टींना अपवाद आहे, पण लोगो-लेबलला त्या भरवशावर राहू नका. आणि त्या लेखी कागदात मुदत लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते धरतात, म्हणून "कायमचे आणि जगभरासाठी" हे शब्द घालायचे आणि सही घ्यायची. एक पान पुरतं, पण काम सुरू व्हायच्या आधी बोला, नंतर बोललं की अवघडल्यासारखं होतं. लोगो कॅन्व्हाच्या तयार चित्रांवरून केलेला नाही ना हेही विचारा, तीच चित्रं कोणीही वापरू शकतो, मग ट्रेडमार्क करायला गेलात की अडतं. एआय वापरलं तर ते सांगायचं, असंही लिहून ठेवते मी.

पासवर्ड आणि ओटीपी कोणालाच नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या, "मी घेऊन देतो ताई" म्हटलं तरी नाही, कारण तो माणूस उद्या फोन उचलेनासा झाला की वेबसाइट गेली. गूगलवरच्या दुकानाच्या पानाला त्याला मॅनेजर म्हणून जोडता येतं, मालक तुम्हीच राहता, फेसबुक-इन्स्टाला मेटाच्या बिझनेस सेटिंगमधून कामापुरता ॲक्सेस देता येतो, आणि काम संपलं की त्याच दिवशी काढून टाका. ऑर्डरचं एक्सेल द्यायचं असेल तर गिऱ्हाईकांचे फोन आणि पत्ते यांचे कॉलम उडवून द्या, लोकांनी ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेत.

थेट काम असेल तर पैशाचं मी असं ठेवते, छोट्या कामाला निम्मे आधी, निम्मे फाइल मिळाल्यावर, आणि मोठं असेल तर तीन टप्पे. फाइल उघडून बघायची, मूळ फाइल आली का, फॉन्ट सोबत आहेत का, मग लगेच पैसे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. बिल घ्या, त्यावर नाव आणि पॅन असू दे. फ्रीलान्सरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला बहुतेक वेळा जीएसटी नंबर नसतो, ते चालतं. टीडीएस, म्हणजे पैसे देताना कर कापून सरकारकडे भरणं, आपल्यासारख्या छोट्या घरगुती धंद्याला सहसा लागत नाही, पण आदल्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल किंवा कंपनी काढली असेल तर सीएला विचारून घ्या, आणि परदेशातल्या माणसाला पैसे देणार असाल तर जीएसटीचंही विचारा.

दिवाळीचं काम असेल तर गणपतीच्या आधी माणूस ठरवून ठेवा. नवरात्रात चांगले डिझायनर मिळत नाहीत, मिळाले तर जास्त पैसे मागतात, आणि तेव्हा प्रिंटरही कोणाचं ऐकत नाही.