दरवर्षी एसीत गॅस भरताय? आधी या चुका टाळा

मार्च सरला की माझ्या फोनवर एकच वाक्य सुरू होतं : "दादा, एसीतला गॅस संपलाय, येऊन भरून द्या." नवी मुंबईत मी घरगुती एसीची कामं करतो. माझ्या या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा ज्या चुकीपायी वाया जातो, ती चूक या एका वाक्यात आहे.

गेल्या मे महिन्यात ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीत गेलो होतो. दीड टनाचा स्प्लिट, पाच वर्षं जुना. काकूंनी सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला होता आणि तिन्ही पावत्या फ्रिजवरच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. "पेट्रोलसारखा संपतोच ना हो तो?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी आउटडोअरच्या बाजूचं झाकण काढलं. जाड पाइपाच्या नटाभोवती काळपट धूळ घट्ट चिकटली होती. बोट फिरवलं तर बोटाला तेल आलं. ब्रशने साबणाचा दाट फेस लावला आणि थांबलो. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग नटाच्या खालच्या अंगाने मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक. तीन वर्षं गॅस तिथूनच जात होता. तीन वेगवेगळी माणसं त्याच्या शेजारीच गेज (दाब मोजायचं मीटर) लावून गॅस भरून गेली आणि एकालाही त्या नटावर फेस लावावासा वाटला नाही.

गॅस संपत नसतो

तुमच्या घरातला फ्रिज कंपनीतून जो गॅस घेऊन आला, त्यावरच पंधरा वर्षं चालतो. एसीचंही तसंच आहे. इनडोअरच्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅस उकळतो आणि खोलीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, आउटडोअरची कॉइल ती उष्णता बाहेर टाकते, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून किंवा व्हॉल्व्हमधून दाब उतरून परत आत येतो. फेरा बंद आहे, त्यात काही जळत नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून "गॅस कमी आहे" असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा : "गळती कुठे आहे?" बहुतेक वेळा ती चार नटांपैकी एकावर असते, दोन इनडोअरच्या मागे आणि दोन आउटडोअरला. तेलाचा डाग हा तिचा पत्ता, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. या तेलाच्या नुकसानीबद्दल कुणी बोलत नाही. कमी गॅसवर आणि कमी तेलावर दोन उन्हाळे चाललेला कॉम्प्रेसर आतून तापून झिजलेला असतो. तो तिसऱ्या वर्षी जातो आणि दोष कंपनीला लागतो.

डागाने गळती सापडली नाही, तर सिस्टीममध्ये नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं. नायट्रोजनच. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी आहे म्हणून तो लावणारे लोक मी पाहिले आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले तर स्फोट होतो. घरात असं चाललेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि खोलीबाहेर या. यात भिडस्तपणा नको.

गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंप लागलाच पाहिजे. पंप न लावता थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलायची, ही जुनी सवय अजून गेलेली नाही. हवेबरोबर दमट वाफ आत राहते. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या मशीनमधलं तेल ओलावा पटकन धरतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या मोटारीतल्या तारांच्या गुंडाळीवरचा (वाइंडिंग) लेप खातं. खाडीकाठच्या हवेत तर हे आणखीच. निदान वीस मिनिटं पंप चालू द्या, नंतर तो बंद करून गेजचा काटा जागचा हलतो का ते बघायला सांगा. पंपच आणला नसेल तर त्या दिवशी गॅस भरूच नका.

राहिलं गॅसचं मोजमाप. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपात, ६५-७० पीएसआय दाब दिसला की काम झालं असं समजत. आर-३२ ला हाच दाब साधारण १२० ते १४० असतो, आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलला की तोही बदलतो. त्यामुळे नुसत्या गेजवर भरलेला गॅस हा अंदाजच राहतो. आउटडोअरवरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस भरायचा, पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर कंपनीने सांगितलेली थोडी भर घालायची. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे, त्याच्यात वरून "टॉप-अप" करण्यापेक्षा उरलेला गॅस काढून पूर्ण वजनाने भरणंच चांगलं. आणि आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस आत असताना पाइप जोडायची आगीची टॉर्च लावू देऊ नका.

बाहेरच्या डब्याला श्वास घेऊ द्या

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो. त्यात त्याने खाल्लेली वीज मिळवा, म्हणजे आउटडोअर सहा-साडेसहा किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. दोन-दोन किलोवॅटचे तीन गीझर एकाच वेळी चालू आहेत असं समजा. आता हा डबा आपण कुठे ठेवतो? ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, समोर कपडे वाळत घातलेले. किंवा बिल्डरने ठेवलेल्या अरुंद डक्टमध्ये, जिथे खालच्या चार मजल्यांची गरम हवा वर येत असते. किंवा इमारत छान दिसावी म्हणून समोर पट्ट्यांची जाळी, तीही खाली तोंड करून.

अशा जागी पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. दाब वाढतो, विजेचा करंट वाढतो, खोली गार होत नाही. मग फोन येतो, गॅस संपलाय म्हणून. दुपारी दोन ते पाच कूलिंग नाही आणि रात्री मात्र झकास, असं होत असेल तर गॅसकडे नंतर बघा. आधी आउटडोअरच्या समोर दोन-तीन फूट मोकळी जागा करा, मागे वीतभर ठेवा, आणि कॉइलमध्ये काय अडकलंय ते पाहा. आमच्याकडे बहुतेक वेळा कबुतरांची पिसं, काड्या आणि बांधकामाची धूळ यांचा नमदा बसलेला असतो. साध्या पाण्याने तो निघतो. पंपाचा फवारा सरळ समोरून मारायचा; तिरका मारला की ॲल्युमिनियमच्या पाकळ्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते. ॲसिडचं पाणी तर अजिबात नको. एका दिवसापुरती कॉइल चकचकीत दिसते, पण पत्रा पातळ होत जातो.

पाणी गळतंय आणि बर्फ धरतोय

या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच आजाराच्या असतात. इनडोअरची जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली उतरते, बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर ते सगळं पाणी भिंतीवर. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची, झालं. हे काम घरातल्या कुणालाही जमतं आणि यासाठी मला बोलावू नका. ब्लोअरच्या पात्यांवर बसलेला काळा थर मात्र जाळी धुऊन जात नाही. हवा कमी लागत असेल तर वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्या.

जाळी स्वच्छ, ब्लोअरही स्वच्छ, तरी बर्फ येतोय? मग गॅस कमी असण्याची शक्यता खरी. बर्फ चाकूने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. नुसता पंखा चालू ठेवून वितळू द्या.

बर्फ नाही, नुसतंच पाणी टपकतंय, तर ड्रेन पाइप बघा. त्यात शेवाळी चिकट गाळ साचतो, किंवा फर्निचरवाल्याने पाइप वर उचलून फिरवलेला असतो. पाण्याला उतार लागतोच.

कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी

आउटडोअर "हुंऽऽ" करतो, दहा-वीस सेकंदांनी कट्ट आवाज होऊन गप्प बसतो, काही मिनिटांनी पुन्हा तेच. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत हे लक्षण दिसलं तर पहिला संशय कॅपॅसिटरवर. तो उन्हात तापून तापून कमजोर होतो, कधी डोकं फुगतं. काहीशे रुपयांचा हा डबा बदलला की मशीन सुरू होतं. याच लक्षणावर "कॉम्प्रेसर जाम झालाय" असं सांगून हजारोंचा खर्च लोकांच्या गळ्यात मारला जातो, म्हणून इतकं लिहितोय. कॅपॅसिटर मीटरवर मोजून दाखवायला सांगा. छापलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर उत्तर मिळालं. झाकण स्वतः उघडू नका; वीज बंद केली तरी त्यात चार्ज राहतो.

इन्व्हर्टर एसीत हे काम पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, करतो आणि तिथले शत्रू वेगळे. पाल आत शिरून दोन टोकांवर चिकटते. उंदीर इनडोअर-आउटडोअरमधली वायर कुरतडतो. स्क्रीनवर एरर कोड येतो आणि पाच रुपयांच्या तुटलेल्या वायरीसाठी नवा बोर्ड बसतो. बोर्ड बदलण्याआधी वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली का, एवढं विचारा. वायर आत जाते ते भोक पुट्टीने बुजवून घ्या.

प्लग आणि सॉकेटही हात लावून बघा. अर्धा तास चालल्यावर प्लग गरम लागत असेल किंवा पिवळा पडला असेल तर आतला स्क्रू सैल आहे. एसीला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीच नको.

आणि रिमोटने बंद करून लगेच चालू करणं सोडा. दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला तीनेक मिनिटं लागतात. बहुतेक मशीन स्वतःच तेवढं थांबतात, पण मेन स्विचशी खेळ केला की नव्या बोर्डावरही ताण येतो. रिमोटवर १८ ठेवल्याने साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ वर येतात, ते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमामुळे. ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वर गेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २५-२६ वर ठेवून वर छताचा पंखा हळू लावा.

दिल्ली-गुरुग्रामला नोकरीला गेलेली आमच्या ओळखीतली मुलं जानेवारीत फोन करतात : "हॉट अँड कोल्ड एसी मध्येच गरम हवा थांबवतो, आणि बाहेरून पाणी पडतं." तो बिघडलेला नसतो. हीटिंगला एक व्हॉल्व्ह फेरा उलटा फिरवतो, बाहेरची कॉइल थंड होते, तिच्यावर दंव गोठतं आणि ते वितळवायला मशीन काही मिनिटं थांबतं. तेवढं थांबा.

खाडी, नाला आणि घर बदलणं

समुद्र-खाडीजवळ तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्या यांच्यात मीठ-पाणी शिरलं की पाकळ्या पांढऱ्या पडून भुग्यासारख्या गळतात. इथे घेताना कॉइलवर संरक्षक लेप आहे का ते विचारा आणि दर दोन महिन्यांनी आउटडोअर गोड्या पाण्याने धुवा. उघड्या नाल्याजवळची घरं अजून वाईट. तिथल्या वायूने तांबं काळं पडतं आणि इनडोअर कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. अशी कॉइल एका ठिकाणी जोडली की दोन महिन्यांनी दुसरीकडे गळते. ती डागत बसू नका, वॉरंटीत असेल तर बदलून मागा.

भाड्याचं घर बदलताना एसी उतरवण्याआधी गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे असतात, त्याला पंप डाउन म्हणतात. पाच-दहा मिनिटांचं काम. घाईत नट सोडून "फुस्स" करून गॅस हवेत सोडतात आणि नव्या घरी तोच गॅस तुम्हाला विकतात. उतरवताना शेजारी उभे राहा. पाइपांची उघडी तोंडं टेपने बंद केली का, तेही बघा.

एक हिशेब मात्र स्पष्ट सांगतो. आर-२२ चा दहा-बारा वर्षांचा जुना एसी असेल आणि कॉइलच गळत असेल, तर त्यात पैसे घालू नका. नट गळत असेल तर जरूर घाला. ऐरोलीच्या काकूंच्या एसीत त्या नटाखालचं पाइपाचं पसरट तोंड (फ्लेअर) मी नवं केलं, व्हॅक्यूम घेतला, पाटीवरच्या वजनाने गॅस भरला आणि नटाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये ठेवला. पुढच्या वेळी कुणीही आलं तरी आधी तो नट तपासायला सांगा, असं त्यांना सांगून निघालो.