माऊस बंद पडल्यावर नमपॅडवर पॉइंटर चालवताय? या चुका टाळा

पीकविम्याची मुदत संपत आलेली, रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या सेवा केंद्राबाहेर केळीवाल्यांची रांग, आणि टेबलावर माऊस मेलेला. अशा वेळी नमपॅडने, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी, पॉइंटर हलवू देणारी विंडोजमधली 'माऊस कीज' ही सोय खरोखर तारते. पण ती घाईत चालू करणारे पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात.

पहिली चूक चालू करतानाच होते. डावा ऑल्ट आणि डावा शिफ्ट दाबून ठेवायचे, मग नम लॉक दाबायचा. उजवीकडचे ऑल्ट-शिफ्ट इथे चालत नाहीत. ज्या मशीनवर मराठी टायपिंग होतं तिथे याच दोन बटणांनी भाषाही बदलते, त्यामुळे नम लॉकच्या आधी बोट उचललं तर नुसती भाषा बदलते. चौकट आली की 'येस'वर एंटर. आलीच नाही तर विंडोज आणि यू दाबा, माऊसच्या सेटिंगमध्ये जा आणि तिथून चालू करा.

सगळ्यात महाग पडणारी चूक आकडे भरताना होते. माऊस कीज चालू आहेत हे विसरून ऑपरेटर सवयीने नमपॅडवर आधार क्रमांक टाकायला घेतो. 7 दाबला तर रकान्यात काहीच उमटत नाही, पॉइंटर मात्र वर डावीकडे तिरका सरकतो. मग 0 येतो, म्हणजे क्लिकचं बटण दाबून धरलं जातं. त्यापुढचे 2 आणि 3 पॉइंटरला खाली ओढतात आणि पानावरचा मजकूर निळा होत जातो. शेवटी 5 म्हणजे क्लिक. तो भलत्या लिंकवर पडला की अर्धा भरलेला फॉर्म गेला. समोरचा शेतकरी विचारतो, "आते काय करानं भाऊ?" आणि ऑपरेटर कीबोर्ड बिघडला म्हणून नवा मागवतो. कीबोर्ड ठणठणीत असतो.

उपाय त्याच माऊसच्या सेटिंगमध्ये आहे. 'नम लॉक चालू असतानाच माऊस कीज वापरा' हा पर्याय बंद करा. मग नम लॉकचा दिवा लागलेला असला की आकडे, विझला की पॉइंटर. हा पर्याय चालू ठेवून नम लॉक घालवला तर आकडे येतच नाहीत, होम-एंड आणि बाणांची कामं होतात. बहुतेक जण इथेच वैतागून सोय बंद करून टाकतात. दोन मिनिटं सेटिंग वाचायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

उजवा क्लिक हवा म्हणून वजा दाबतात आणि परत यायचं विसरतात. मग प्रत्येक 5 ला मेनू उघडतो. भागाकाराचं बटण दाबलं की डावा क्लिक परत येतो. डबल क्लिकसाठी अधिक.

0 ने पकडलेली फाइल टिंब दाबल्याशिवाय सुटत नाही.

पॉइंटर गोगलगायीसारखा चालतो ही तक्रार कायमची. सेटिंगमधला त्यासाठीचा पर्याय चालू असला तर कंट्रोल धरला की वेग वाढतो, शिफ्ट धरला की कमी होतो. लहान बटणाजवळ पोचल्यावर शिफ्ट धराच, नाहीतर पॉइंटर पुढे निघून जातो. मुळात प्रत्येक रकान्यापर्यंत पॉइंटर न्यायचाच कशाला? फॉर्ममध्ये टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, स्पेसने टिक, शिफ्ट-एफ10 ने उजव्या क्लिकचा मेनू. टॅब जिथे पोचत नाही तिथेच नमपॅड वापरावा.

छोट्या लॅपटॉपला नमपॅडच नसतो. वरच्या ओळीतले आकडे पॉइंटर हलवत नाहीत, ते दाबत बसू नका. यूएसबीचा सुटा नमपॅड मिळतो, तो माऊसच्याच पोर्टला लावून बघा. तिथेही चालला नाही तर बिघाड माऊसचा नाही, पोर्टचा असण्याची शक्यता जास्त.