कमी ऐकू येतंय? घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

वयस्कर माणसाला घेऊन घरचे माझ्याकडे येतात तेव्हा हातात जाड फाइल असते. साखरेचे रिपोर्ट, गुडघ्यांचे एक्स-रे, डोक्याचा एमआरआय, बाथरूममध्ये पडल्यावर घातलेल्या प्लास्टरचं बिल. त्या फाइलमध्ये कानाच्या तपासणीचा कागद मात्र सगळ्यात शेवटी, मी दिलेला, लागतो. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ, म्हणून मला हे बघवत नाही. त्यातल्या कितीतरी कागदांचा कानाशी संबंध असतो आणि तो घरच्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकण्याचा त्रास आहे आणि त्यातल्या सुमारे ४३ कोटींना उपचारांची किंवा ऐकण्याच्या यंत्राची गरज आहे. घरात मात्र हा विषय ‘वय झालं’ म्हणून संपतो. तो तसा संपू नये म्हणून, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

‘विसरायला लागलेत’ हे आधी ठरवणं आणि कान नंतर तपासणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

बारामतीकडच्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. वय सत्तरीच्या पुढे. तक्रार कानाची नव्हतीच. “मॅडम, आई भ्रमिष्टासारखं करते. विचारावं एक, सांगते भलतंच. पाहुणे आले की उठून आत जाऊन बसते.” एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी झाली होती, गुण कमी आले होते, गोळ्या सुरू होत्या. घरच्यांनी धसका घेऊन आजींना गॅसजवळ जायला बंदी केली होती. ज्या बाईने चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने केला, तिला कोपऱ्यात बसवून ताट हातात दिलं जात होतं.

मी मुलाला विचारलं, चाचणी झाली कशी? गच्च भरलेल्या ओपीडीत, वर पंखा घरघरतोय, डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, मान खाली घालून लिहिता लिहिता प्रश्न. या चाचण्यांमध्ये काही शब्द ऐकवतात आणि थोड्या वेळाने ते आठवून सांगायला लावतात. जो शब्द कानात शिरलाच नाही, तो आठवणार कुठून?

उजव्या कानात मळाचा घट्ट गोळा होता. तो कानाच्या डॉक्टरांनी काढला. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती आवाजाला ऐकू येतं याची तपासणी केली, तर दोन्ही कान उंच पट्टीच्या आवाजांना ६० डेसिबलच्या खाली दाद देत नव्हते. साधं बोलणं साधारण ५० ते ६० डेसिबलचं असतं. म्हणजे घरातली बहुतेक वाक्यं आजींपर्यंत तुटूनच पोचत होती आणि त्या अंदाजाने उत्तरं देत होत्या. हेडफोनमधून आवाज वाढवून मी तसेच शब्द दिले, तर सगळे बरोबर. तारीख चुकली, वार बरोबर. कांद्याचा भाव तर त्यांनी मुलाला दुरुस्त करून सांगितला.

गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे मी ठरवत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे त्या तपासणीचा आलेख, जोडून त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. यंत्र बसल्यावर त्यांनी शांत खोलीत पुन्हा चाचणी घेतली, गुण वाढले आणि गोळ्या थांबवल्या. शेगडी आजींकडे परत गेली.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही तितकंच खरं. काहींचे कानही गेलेले असतात आणि डिमेन्शियाही, म्हणजे स्मृतिभ्रंशही, असतो. दोघांचा संबंध आहेच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, थोडं कमी ऐकू येणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात पाचपट दिसला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात बहिरेपणाचा वाटा सुमारे ७ टक्के धरला आहे. तुटके शब्द जोडण्यात मेंदूची ताकद खर्च होते, त्याच्यापर्यंत आवाज कमी पोचतात आणि माणूस चारचौघांतून उठून जातो, अशी यामागची कारणं मानली जातात.

तरीही कुणी ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ अशी जाहिरात केली तर मला संताप येतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं तपासलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्राने फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. एवढंच सिद्ध झालंय. यंत्र घ्यायला तेवढं कारण मला पुरतं, खोटी हमी कशाला?

स्मरणशक्तीच्या तपासणीला जाताना ताजा ऑडिओग्राम फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. यंत्र असेल तर लावून जा. डॉक्टरांना नम्रपणे सांगा, “यांना कमी ऐकू येतं, समोर बघून बोलाल का?” कुणी नाराज होत नाही.

ओरडणं

आजोबा म्हणतात, “आवाज येतो रे, कळत नाही.” यात काही नाटक नसतं. वयाबरोबर आधी उंच पट्टी जाते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात नाजूक, ती गळतात. मग ‘साठ’चं ‘आठ’ होतं. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात, वर तुमचा चेहरा रागावलेला दिसतो. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम बोचतो. म्हणून तेच आजोबा लगेच “ओरडतोस कशाला?” म्हणतात.

समोर या, नावाने हाक मारा, मिक्सर किंवा टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगू नका, शब्द बदला.

लग्नासाठी मशीन घेणं

आणखी एक चूक, जिच्यावर मी रोज घसा कोरडा करते, ती घाईची.

एक निवृत्त मुख्याध्यापक. मुलीचं लग्न रविवारी, घरच्यांना मशीन शुक्रवारी हवं. मी सांगितलं, आत्ता लग्नात लावू नका, नंतर निवांत सुरू करू. त्यांना ते पटलं नाही, दुसरीकडून घेतलं. कार्यालयात बँड, माइकवरच्या मंगलाष्टका, पंगतीत भांड्यांचा खणखणाट, शंभर माणसं एकाच वेळी बोलतायत. दुपारपर्यंत यंत्र खिशात, संध्याकाळी डबीत. “मला नाही जमत हे” असा शिक्का बसला तो बसलाच.

त्यानंतर घसरण सुरू झाली आणि कुणाला ती कानाची वाटली नाही. भजनी मंडळात चाल चुकायला लागली म्हणून तिकडे जाणं सोडलं. कट्ट्यावर सगळे हसले की आपल्यालाच हसतायत असं वाटायचं, म्हणून कट्टा सुटला. कट्ट्यापर्यंतचं चालणं गेलं तशी साखर वाढली. मग घरातच तोल जाऊन पडले. त्यांच्या पडण्याचं खापर मी एकट्या कानावर फोडणार नाही, पण २०१२च्या एका अमेरिकन अभ्यासात २५ डेसिबल, म्हणजे सौम्य, बहिरेपण असलेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आढळलं होतं. आजूबाजूची चाहूल लागत नाही आणि लक्ष सगळं ऐकण्यात गुंतलेलं असतं. प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा आले, डबी घेऊन. यंत्र चांगलंच होतं, आवाजाची जुळणी त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे केलेली नव्हती.

चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं कानाचं नसतं. कित्येक वर्षं फ्रिजची घरघर, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकलेला नसतो. ते सगळं एकदम आत येतं. कुठलं महत्त्वाचं, कुठलं सोडून द्यायचं, हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं. त्याला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने.

माझ्याकडची रीत अशी. पहिला आठवडा घराबाहेर यंत्र लावायचं नाही. सकाळी घर शांत असताना दोन तास. पेपर मोठ्याने वाचायचा, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. मग एकाच माणसाशी गप्पा. मग टीव्हीच्या बातम्या, मग गॅलरी, मग भाजी बाजार. कार्यालय आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. एक वही ठेवायची आणि कुठला आवाज बोचला, कुठे शिट्टी वाजली, कुणाचं बोलणं कळलं नाही, ते लिहायचं. ती वही घेऊन जुळणीला यायचं, आणि एकदा येऊन भागत नाही. दोन्ही कान कमी असतील तर बहुतेकांना दोन्ही यंत्रं लागतात. ‘एकावर भागवा’ हा शॉर्टकट गर्दीत हमखास अंगाशी येतो. मुख्याध्यापकांनी तीन वह्या भरल्या. आता भजनात पुन्हा झांजा वाजवतात.

ऑनलाइन मिळणारी हजार-पंधराशेची आवाज वाढवणारी यंत्रं घेऊ नका. ती भांड्याचा आवाज आणि नातवाचा आवाज सारखाच मोठा करतात.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट बघणं

सकाळी उठलात आणि एक कान बंद. ‘सर्दी असेल’, ‘मळ असेल’ म्हणून आठवडा काढू नका. दोन-तीन दिवसांच्या आत कानाची नस अशी निकामी होऊ शकते आणि त्यावरचं स्टेरॉइडचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग. दोन आठवडे उलटले की संधी झपाट्याने कमी होते. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. मी या यादीतल्या बाकी सगळ्या चुका माफ करीन, ही करणार नाही.

आणखी काही, थोडक्यात

लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात ओतू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं, आणि पावसाळ्यात ओल्या-तेलकट कानात बुरशी धरते. बडने मळ निघत नाही, आत ठासला जातो.

मधुमेहात डोळे, पाय, मूत्रपिंडं दरवर्षी तपासता, कान का नाही? मधुमेहींमध्ये बहिरेपण सुमारे दुप्पट आढळल्याचं अमेरिकेतल्या २००८च्या अभ्यासात दिसलं आहे.

जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन कानाला इजा करू शकतात. मनाने औषध बंद करायचं नाही, पण सुरू होण्याआधी एक ऑडिओग्राम काढून ठेवा आणि कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगा.

डॉक्टरांसमोर नुसतं “हो, हो” म्हणणारे रुग्ण गोळ्या चुकीच्या घेतात. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, ते लिहून घ्या आणि तिथेच परत म्हणून दाखवा.

ढोल-ताशा पथकातल्या मुलांनो, ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. कानात प्लग घाला, कापूस पुरत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून. सेलचा स्टिकर काढला की मिनिटभर थांबून मग आत घाला.

पैशांमुळे थांबला असाल तर आधी चौकशी करा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी आणि यंत्र दोन्हीची सोय आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत यंत्र मिळतं, आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, पण मोल्डचा (कानाच्या मापाने बनवलेल्या साच्याचा) आणि बऱ्याच महिन्यांच्या सेलचा खर्च निघतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाताना आधार कार्ड, चालू औषधांची यादी आणि जुना ऑडिओग्राम असेल तर तोही घेऊन जा.