स्कीइंगमध्ये गुडघा वाचवायचा तर आधी पडायला शिका

औलीला किंवा गुलमर्गला जायच्या आधी महिनाभर उठाबशा काढा, हेल्मेट घाला, दमलात की थांबा. यावर दुमत नाही.

भाड्याच्या दुकानात मात्र घाई करू नका. बुटाला स्कीवर धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा आकडा (किती जोर आला की ती सुटेल, तो) तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती सराईत आहात यावरून लावतात. यातलं काहीच न विचारता कुणी स्की पुढे केली तर घेऊ नका. ‘निसटायला नको, जरा घट्ट करा’ असं तर चुकूनही म्हणू नका. वेळेवर सुटणं हेच बाइंडिंगचं काम आहे.

पण बाइंडिंग बरोबर लावली म्हणजे गुडघा सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. ती मुख्यतः नडगीचं हाड वाचवते. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) फाटतं ते अनेकदा हळू, साध्या पडण्यात. माझंही तसंच फाटलं. तोल मागे गेला, ढुंगण गुडघ्यांच्या खाली आलं, डोंगराकडचा हात मागे गेला आणि सगळा भार दरीकडच्या स्कीच्या मागच्या टोकावर आला. ते टोक बर्फात रुतून पाय आत पिळला गेला. ‘टक्’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. चूक एकच: पडता पडता मी सावरायला गेलो.

म्हणून ‘पडतोय असं वाटलं की मागे बस’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, हात पुढे, पाय जवळजवळ. तोल वाचवता येत नसेल तर वाचवू नका, पडा. पडताना गुडघे वाकलेलेच ठेवा, पाय ताणू नका. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. हे सपाट बर्फावर दहा-वीस वेळा करून बघा. लाज वाटेल, तरी करा.

काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवू नका आणि पडताना काठी सोडून द्या. मुठीत काठी असताना हात टेकला की अंगठ्याचं लिगामेंट जाऊ शकतं.

गुडघ्यात आवाज आला किंवा काही तासांत सूज चढली तर पुन्हा स्की घालू नका. उतारावर असाल तर तिथेच थांबून बचाव पथकाला बोलवा. आधाराने चालता येतंय म्हणजे काही झालं नाही, असं समजून मी आणखी दोन फेऱ्या मारल्या होत्या.