वजनकाट्याच्या लाइनवर गेट्टी बसली की काय होतं : सोलापुरातल्या नवख्या लिनक्सवाल्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात लिनक्सचं काम धरलेल्या पोराची सिरियल लाइनशी (एकेक बिट पाठवणाऱ्या तारेशी) पहिली गाठ बहुधा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच पडते. इनिट (मशीन सुरू होताना चालणारा पहिला प्रोसेस) गेट्टी, म्हणजे लाइनवर लॉगिन विचारणारा छोटा प्रोग्राम, उठवतो; गेट्टी लाइन उघडून वेग ठरवते, नाव विचारते आणि स्वतःच्या जागी लॉगिन चालू करते; शेल संपला की इनिट पुन्हा नवी गेट्टी उठवतो. एवढं तुम्हाला येतंच.

आता फसवणारी जागा. क्लाउडवरच्या सर्व्हरचा एखादा व्हिडिओ बघून कुणीतरी ग्रबमध्ये (बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘कन्सोल=टीटीवायएस०’ टाकून ठेवतो, म्हणजे पहिला सिरियल पोर्ट कन्सोल करतो. त्याच पोर्टला काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) जोडलेला असतो. बूट होताना सिस्टमडीचा (आजकालच्या बहुतेक लिनक्समधला इनिट) गेट्टी-जनरेटर ती ओळ वाचतो आणि कुणी न सांगता त्या लाइनवर सिरियल-गेट्टी उभी करतो. इंडिकेटर सतत वजन पाठवत असतो. गेट्टीला ते वापरकर्त्याचं नाव वाटतं, लॉगिन पासवर्ड मागतो, पुढचं वजन पासवर्ड म्हणून घेतो आणि नापास करतो. बीटीएमपी फाइल (फसलेल्या लॉगिनची नोंद) फुगत जाते. ती वाचणारं ‘लास्टबी’ चालवा; नावांच्या जागी आकडे दिसले तर हाच रोग.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. एका लाइनवर दोन वाचणारे असले, की आलेला प्रत्येक बाइट दोघांपैकी एकालाच मिळतो. म्हणून वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मधले अंक गळतात. मग केबल बदला, इंडिकेटर बदला, असे सल्ले सुरू होतात. ‘मशीन रीस्टार्ट कर’ एवढंच सांगणाऱ्या सरांचं इथे ऐकू नका. रीस्टार्टनंतर गेट्टी पुन्हा हजर होते.

आधी ‘फ्यूजर -व्ही’ देऊन लाइन कुणी धरलीय ते बघा. एगेट्टी (लिनक्सवरची गेट्टी) किंवा लॉगिन दिसलं, तर ‘सिस्टमसीटीएल डिसेबल’वर विसंबू नका. जनरेटरची जोडणी रन फोल्डरमध्ये दर बूटला नव्याने तयार होते, डिसेबल तिला पुसत नाही. त्या पोर्टच्या सिरियल-गेट्टी युनिटला ‘सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ’ करा, म्हणजे ते पुन्हा उठूच शकत नाही. मग ग्रबमधून टीटीवायएस०ची कन्सोल-ओळ काढा, अपडेट-ग्रब चालवा. नुसतं मास्क केलं तर गेट्टी जाते, पण कर्नलचे संदेश त्या तारेवर जातच राहतात. घाबरू नका, स्क्रीनवरचं लॉगिन टीटीवाय१चं आहे, त्याला धक्का लागत नाही. तरी एसएसएचचं (नेटवर्कवरून लॉगिनचं) एक सत्र उघडं ठेवा, आणि हे काम गाळप हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना अजिबात करू नका.

सिस्टमडी नसलेल्या जुन्या मशीनवर इनिटटॅबमधली (इनिटच्या यादीतली) गेट्टीची ओळ बंद करून ‘टेलइनिट क्यू’ चालवा, म्हणजे इनिट यादी पुन्हा वाचतो. फ्रीबीएसडीवर (युनिक्स वंशाची दुसरी सिस्टम) टीटीवायएस फाइलमध्ये ‘ऑफ’ लिहून प्रोसेस १ला, म्हणजे इनिटला, एचयूपी सिग्नल द्या.

लॉगिन खरंच सिरियलवर हवं असेल तर दुसरा पोर्ट घ्या, त्याचं सिरियल-गेट्टी युनिट एनेबल करा. अक्षरं वेडीवाकडी आली तर वेग जुळत नाही: एगेट्टीला ११५२००, ९६०० अशी यादी दिली असेल तर टर्मिनलवरून ब्रेक (लाइनचा खास इशारा) पाठवला की ती पुढच्या वेगावर जाते. काहीच दिसत नसेल तर नऊ पिनांच्या केबलमध्ये एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या ३ला आणि ३ ही २ला जोडलेली आहे ना ते बघा, ५ ग्राउंड. तीनच तारा असतील तर एगेट्टीला ‘-एल’ (कॅपिटल एल) द्या, फ्रीबीएसडीवर ‘३वायर’ नोंद वापरा. नाहीतर गेट्टी कॅरियर सिग्नलची (समोरचं टोक जोडलेलं असल्याच्या खुणेची) वाट बघत गप्प बसू शकते, आणि लॉगमध्ये चूक म्हणून काहीही दिसत नाही.